यमू (पण लक्षात कोण घेतो)

यमू (यमुना) ही हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीची नायिका व निवेदक आहे. ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आली.

जडणघडण

पुण्यातील ब्राह्मण कुटुंबात वाढलेली यमू आरंभी भाबडी असते. वडिलांचा धाक व आईची सोशिकता तिला जगरहाटीच वाटते. तिचे लग्न बालवयात होते. मैत्रीण दुर्गी हिच्या संसारातील हाल तिला विचारप्रवृत्त करतात. सुधारणावादी पती रघुनाथराव तिला लिहायला-वाचायला शिकवतात. मुंबईतील बिऱ्हाडात, समविचारी कुटुंबांच्या सहवासात ती स्वतःची मते बनवू लागते. शंकरमामंजींसारख्यांच्या सोवळेपणामागचा दांभिकपणाही तिला उमगतो. पतीच्या निधनानंतर मात्र ती पुन्हा सासरच्यांच्या अधीन होते व तिचे सक्तीने केशवपन केले जाते.

निवेदन व आशय

कादंबरी आत्मकथनाच्या रूपात असल्याने लहानग्या यमूचे अजाणतेपण आणि कथन करणाऱ्या यमूची जाण वाचकाला एकाच वेळी दिसते. जेन ऑस्टिन यांच्या 'नॉर्दँगर ॲबे' (१८१७) या इंग्रजी कादंबरीतील कॅथरिनही अनुभवातून शहाणी होते, परंतु तिची कथा विवाहाने सुखान्त होते. यमूला बरेवाईट पुरते कळू लागते, तरी स्वतःविषयी निर्णय घेण्याचा अधिकार तिला मिळत नाही. तिची शोकांतिका अज्ञानातून नव्हे, तर या पराधीनतेतून घडते.