पडद्यावरचा शिपाई घरी येतो तेव्हा

वाचकहो, तुमच्या गावातले किती जण लष्करात आहेत आणि किती जण नोकरी संपवून घरी आले आहेत, ते एकदा बोटांवर मोजून पाहा. भरती झालेल्या पोराचे कौतुक सारा गाव करतो. पहिल्या सुट्टीवर तो आला की गणवेशातला फोटो काढून भिंतीवर लावला जातो. तो फोटो वीस वर्षे तसाच राहतो. फोटोतला पोरगा मात्र वर्षावर्षाने बदलत जातो. कायमचा घरी आला की त्याच्याशी काय बोलावे आणि काय विचारू नये, हे घरातल्या कोणाला ठाऊक नसते. त्यालाही कोठून सुरुवात करावी ते समजत नाही.

हे कोडे केवळ आपल्याकडचे नाही. ज्या शिपायांना टेलिव्हिजनवर देशोदेशीच्या लोकांनी पाहिले, त्यांच्याही वाट्याला ते आले. अशाच एका तुकडीची ही हकीकत आहे. तुकडी अमेरिकेची, युद्ध व्हिएतनामचे आणि चित्र घेणारा माणूस फ्रान्सचा. पण आपल्या घरांसाठी तिच्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे.

रंगरूट कसा घडतो

आधी रंगरुटाचा शिपाई कसा होतो ते पाहू. अमेरिकेतले माहितीपट करणारे फ्रेडरिक वाइजमन १९७० च्या उन्हाळ्यात केंटकी राज्यातल्या फोर्ट नॉक्स या लष्करी तळावर कॅमेरा घेऊन गेले. त्या काळी अमेरिकेत सक्तीची भरती होती. सरकारी पत्र आले की तरुणाला जावे लागे. ही सक्ती १९७३ साली बंद झाली.

वाइजमन यांचा ‘बेसिक ट्रेनिंग’ हा माहितीपट १९७१ साली तिथल्या सार्वजनिक टेलिव्हिजनवर दाखवला गेला. त्यात निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही. घडले तेवढेच दाखवले आहे. पोरांचे केस भादरतात, अंगावर एकसारखे कपडे चढतात, दात कसे घासायचे इथपासून शिकवणी सुरू होते. एका पोराला काही केल्या पायात पाय मिळवता येत नाही. कोणाचे आईवडील भेटायला येतात आणि मुलाकडे अभिमानाने पाहतात. शेवटी संचलन होते आणि शिक्षण संपते.

चित्रही तिथेच संपते. शेताभातातून, कारखान्यातून आलेल्या पोराला शिपाई करायला आठ-नऊ आठवडे पुरतात, हे त्यातून नीट समजते. शिपायाला पुन्हा घरचा माणूस करायला किती आठवडे लागतात, त्याचा पाठ मात्र कोणत्याही तळावर शिकवत नव्हते.

तेहतीस जणांची तुकडी

आता त्या फ्रेंच माणसाकडे वळू. त्याचे नाव पिएर शोंदोर्फेर. जन्म १९२८ चा. फ्रान्सचे व्हिएतनामवर राज्य होते, तेव्हा तो फ्रेंच लष्कराचा कॅमेरामन होता. १९५४ साली दिएन बिएन फू नावाच्या खोऱ्यात फ्रेंच फौज वेढली गेली. हा गडी आपण होऊन छत्रीने त्या वेढ्यात उतरला. ७ मे १९५४ रोजी ठाणे पडले आणि हजारो सैनिकांबरोबर तोही कैद झाला. कैदेतल्या उपासमारीने आणि आजाराने बरेच जण दगावले. जिनिव्हात तह झाल्यावर शोंदोर्फेर सुटला. त्या तहाच्या पाळणुकीवर देखरेख ठेवायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला होता, त्याचे अध्यक्षपद भारताकडे होते. आपले अधिकारी आणि जवान त्या कामासाठी इंडोचायनात जाऊन राहिले होते.

फ्रेंच गेले, पुढे अमेरिका त्या युद्धात उतरली. १९६६ च्या पावसाळी दिवसांत शोंदोर्फेर फ्रेंच टेलिव्हिजनसाठी पुन्हा व्हिएतनामला गेला. पहिल्या घोडदळ डिव्हिजनच्या एका प्लाटूनबरोबर तो आणि त्याचे साथीदार सहा आठवडे राहिले. डिव्हिजनचे नाव घोडदळाचे असले तरी घोडी केव्हाच गेली होती. शिपाई हेलिकॉप्टरने ये-जा करीत. या प्लाटूनमध्ये तेहतीस जण होते. गोरे होते, काळे होते, शहरी होते, खेड्यातले होते. पुष्कळसे सक्तीच्या भरतीने आलेले.

त्यांचा प्रमुख होता लेफ्टनंट जोसेफ अँडरसन. कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावचा, कृष्णवर्णीय, वेस्ट पॉइंट या नामवंत लष्करी विद्यालयातून १९६५ साली बाहेर पडलेला. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनेविरुद्ध आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ज्या खटल्यात दिला, त्यात याच टोपेकाचे शाळामंडळ प्रतिवादी होते. अशा गावचा काळा तरुण गोऱ्या शिपायांनाही हुकूम देत होता, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या माहितीपटाचे नाव ‘द अँडरसन प्लाटून’. तो १९६७ साली फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत टेलिव्हिजनवर दिसला आणि १९६८ साली त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. आपल्या महाराष्ट्रात तेव्हा दूरदर्शन नव्हतेच; मुंबई केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. चित्रात मोठमोठ्या लढायांपेक्षा चिखल, पाऊस, भाताची खाचरे, थकलेले चेहरे आणि वाट पाहणे अधिक आहे. जखमी होणारे आहेत, मरणारेही आहेत. शोंदोर्फेर स्वतः शिपाई आणि कैदी राहिलेला असल्यामुळे त्याने कोणाला वीर केले नाही आणि कोणाला खलही केले नाही. सोबतीला बसावे तसा तो त्यांच्यात बसला.

वीस वर्षांनंतरची चौकशी

बहुतेक चित्रांची गोष्ट इथे संपते. चित्र घेणारा निघून जातो, बक्षीस मिळते, लोक विसरतात. शोंदोर्फेर विसरला नाही. दोन दशके उलटल्यावर त्याने अमेरिकेत जाऊन त्या तुकडीतल्या माणसांचा शोध घेतला आणि जे भेटले त्यांना पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसवले. १९६६ ची जुनी दृश्ये आणि नव्या भेटी मिळून १९८९ साली ‘रेमिनिसन्स’, म्हणजे आठवण, हा दुसरा माहितीपट झाला. पहिल्या चित्रात ही पोरे विशी-पंचविशीतली होती. दुसऱ्यात ती चाळिशी ओलांडलेली माणसे होती.

अँडरसनचे बरे झाले. तो दुसऱ्यांदाही व्हिएतनामला जाऊन आला, शौर्यपदके मिळवली, लष्करात मेजर झाला. पुढे नोकरी सोडून १९७९ साली जनरल मोटर्स या मोटारी बनवणाऱ्या कंपनीत शिरला आणि नंतर मोटारींचे सुटे भाग करणारे स्वतःचे कारखाने त्याने उभे केले. पण तो शिकलेला अधिकारी होता. सक्तीने नेलेल्या साध्या शिपायाला अशी वाट सापडणे कठीण होते.

याचे एक कारण समजून घेण्यासारखे आहे. व्हिएतनाममध्ये साधारण एका वर्षाची पाळी असे. ज्याची पाळी भरली तो एकटाच विमानात बसे आणि बघता बघता आपल्या घरच्या ओट्यावर येऊन पोचे. दुसऱ्या महायुद्धातले शिपाई सोबत्यांबरोबर बोटीने परतले होते. त्या प्रवासात आपसात बोलायला, रडायला, मेलेल्यांची आठवण काढायला त्यांना सवड मिळाली. व्हिएतनामहून आलेल्याला ती मिळाली नाही. शिवाय देशात युद्धाविरुद्ध राग होता. मिरवणूक तर दूरच, कित्येकांनी आपण शिपाई होतो हेच लपवले.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले आणि युद्ध संपले. ५८ हजारांहून अधिक अमेरिकन मेले होते. व्हिएतनामी लोकांचे मरण तर लाखांच्या हिशेबात होते. ज्या खाचरांच्या बांधांवरून हे शिपाई चालत होते, ती खाचरे कोणा शेतकऱ्याची होती, हेही आपण विसरता कामा नये.

कॅमेऱ्याला न दिसलेल्या जखमा

घरी आलेल्यांपैकी काहींना झोप येईना. रात्री ओरडत उठावे, फटाका वाजला की जमिनीवर पडावे, लहान गोष्टीवर संतापावे, माणसांत बसू नये, दारू जवळ करावी, असे होऊ लागले. घरचे म्हणत, स्वभाव बिघडला. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या त्रासाला रोग म्हणून अधिकृत नाव दिले. मोठ्या आघातानंतर मनावर राहणारा तो ताण आहे. पुढे तिथल्या संसदेच्या सांगण्यावरून मोठी पाहणी झाली आणि १९८८ साली तिचे निष्कर्ष हाती आले. व्हिएतनामला गेलेल्या शंभर पुरुषांपैकी सुमारे पंधरा जणांना तेव्हाही हा त्रास होता. केव्हा ना केव्हा तो होऊन गेलेले शंभरात तीस होते. युद्धावरून येऊन बहुतेकांना पंधरा-वीस वर्षे झाली होती, हे ध्यानात घ्या.

शरीराचेही तसेच. जंगल आणि पिके जाळण्यासाठी अमेरिकेने विमानांतून सात कोटी लिटरहून अधिक तणनाशके व्हिएतनामवर फवारली. त्यात सर्वांत जास्त वापरलेल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये दोन औषधे होती. एक टू-फोर-डी, जे आपल्याकडेही तणावर मारतात. दुसऱ्यात, टू-फोर-फाइव्ह-टी मध्ये, तयार होताना डायॉक्सिन नावाचे जहाल विष उतरलेले होते. त्याचे परिणाम तिथल्या शेतकऱ्यांनी भोगले आणि शिपायांनीही. त्या विषाशी जोडलेल्या आजारांसाठी भरपाई देण्याचा कायदा अमेरिकेत झाला तो १९९१ साली. सहा आठवडे सोबत राहिलेल्या कॅमेऱ्याला यातले काय दिसणार होते?

आता आपल्या घराकडे

हे सारे सांगण्याचे कारण असे. २०२२ साली आपल्याकडे अग्निपथ योजना सुरू झाली. योजना जाहीर झाली तेव्हाच्या नियमाप्रमाणे भरती चार वर्षांची असून, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना लष्करात पुढे ठेवायचे आहे. बाकीचे तरुण बावीस ते पंचविशीच्या आसपास घरी येणार. त्यांना पेन्शन नाही. सेवा निधी म्हणून सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतील, असे तेव्हा सांगितले गेले. ते आले की गाव पहिला प्रश्न पैशांचा विचारील, दुसरा लग्नाचा. विहीर खोदायची की ट्रॅक्टर घ्यायचा, यावर घरात खल होईल. तो हिशेब जरूर करा. पण तुम्ही कसे आहात, झोप लागते का, तिकडची कोणाची आठवण येते का, हेही कोणीतरी विचारायला हवे.

प्रत्येक शिपायाला मनाचा त्रास होतो असे मुळीच नाही. वरच्या पाहणीतही शंभरातल्या बहुसंख्यांना तो नव्हता. पण घरच्यांचा आणि सोबत्यांचा आधार ज्यांना मिळतो, त्यांना असा त्रास कमी होतो, हे पुढच्या अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. औषध घरातच आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, आल्या आल्या प्रश्नांचा भडिमार करू नका. किती माणसे मारली, असले तर कधीच विचारू नका. शेतावर बरोबर काम करताना माणूस आपणहून बोलतो. बोलू लागला की मध्ये तोडू नका.

दुसरी, त्याच्या तुकडीतल्या सोबत्यांशी गाठीभेटी होऊ द्या. सोबत्याच्या लग्नाला, वर्षश्राद्धाला जाण्याचा खर्च वायफळ समजू नका. जे तो आईला सांगू शकत नाही, ते तो त्यांना सांगतो.

तिसरी, झोप उडणे, अचानक दचकणे, संताप, एकटे बसणे आणि दारू ही लक्षणे महिनाभराहून अधिक राहिली, तर अंगारे-धुपारे करीत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करून मनाच्या त्रासाबद्दल विनामूल्य बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली, तर त्याला एकटे न सोडता लगेच दवाखाना गाठा.

चौथी, पेन्शनीत आलेल्या सैनिकांनी आणि वीरपत्नींनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आपली नोंद करून घ्यावी. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्डही काढून ठेवावे. पुष्कळ घरांत ही कागदपत्रे ट्रंकेत पडून असतात आणि गरज पडली की धावाधाव होते.

शोंदोर्फेर २०१२ साली वारला. चांगली चित्रे काढणारे पुष्कळ असतात, पण वीस वर्षांनी पुन्हा माणसाचे दार ठोठावणारे थोडे. आपल्याला तर अमेरिकेलाही जायचे नाही. ज्याची चौकशी करायची, तो पलीकडच्या गल्लीत राहतो; कदाचित आपल्याच माजघरात झोपतो. आज संध्याकाळी धारा काढून झाल्या की त्याच्याजवळ जाऊन थोडा वेळ बसा.