टेबलाचे वय किती?

काही दिवसांपूर्वी एका शाळेचे मुख्याध्यापक आमच्याकडे आले. शाळेला शंभर वर्षे पूर्ण होत होती. संस्थापकांची कागदपत्रे, जुने फोटो, पहिली हजेरीपत्रके असे सारे एका खोलीत मांडायचे होते. त्या खोलीसाठी मुंबईच्या एका दुकानात त्यांनी एक गोल सागवानी टेबल पाहून ठेवले होते. कोरीव पाय, काळपट तपकिरी रंग, 'दीडशे वर्षांपूर्वीचे' अशी विक्रेत्याची ग्वाही, आणि किंमत पासष्ट हजार रुपये. पैसे माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून द्यायचे होते. "कर्ब-१४ ने लाकडाचे वय निघते ना? तेवढे काढून द्या," एवढीच त्यांची विनंती होती.

विनंती साधी होती, उत्तर मात्र साधे नव्हते. जुन्या वस्तूचे वय कसे ठरवतात आणि कसे ठरवता येत नाही, हे त्या टेबलाच्या निमित्ताने पाहू.

कर्ब-१४ येथे का चालत नाही?

झाड जिवंत असताना हवेतला कर्ब घेते. त्यात किरणोत्सारी कर्ब-१४ अत्यल्प प्रमाणात असतो. लाकडाचे वलय तयार झाले की त्याची हवेशी होणारी देवघेव थांबते आणि त्यातला कर्ब-१४ घटू लागतो. तो निम्मा व्हायला सुमारे ५,७३० वर्षे लागतात. म्हणजे दीडशे वर्षांत घट होते जेमतेम पावणेदोन टक्के. एवढा फरक आजची उपकरणे मोजू शकतात. अडचण वेगळीच आहे. गेल्या साडेतीनशे वर्षांत हवेतलेच कर्ब-१४ चे प्रमाण खालीवर होत राहिले. सूर्याच्या बदलत्या क्रियाशीलतेमुळे ते बदलले आणि औद्योगिक क्रांतीनंतर दगडी कोळशाच्या धुरातून आलेल्या 'मृत' कर्बाने ते पातळ झाले. परिणामी साधारण १६५० ते १९५० या काळातल्या लाकडाची एकच मोजणी अनेक वेगवेगळ्या सालांशी जुळते.

दुसरे असे की, ही पद्धत वलय कधी वाढले ते सांगते, टेबल कधी बनले ते नाही. जुन्या वाड्याची तुळई कापून काल टेबल केले, तरी लाकूड जुनेच निघणार. एक गोष्ट मात्र कर्ब-१४ नेमकी सांगतो. १९५५ नंतरच्या अणुचाचण्यांमुळे हवेतले त्याचे प्रमाण एकदम वाढले आणि १९६३-६४ च्या सुमारास उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट झाले. त्यानंतर वाढलेले लाकूड त्यामुळे ओळखू येते.

मग वलये मोजावीत का? सागाला वलये स्पष्ट असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांच्या आधारे पूर्वीच्या पावसाचा अभ्यास केला आहे. परंतु साल ठरवण्यासाठी त्याच प्रदेशातल्या झाडांची सलग संदर्भमाला लागते. आपले लाकूड मलबारचे, डांगचे की ब्रह्मदेशचे हेच ठाऊक नसेल आणि फळीवर वलये तीसचाळीसच असतील, तर ती जुळवायची कशाशी?

तेव्हा आम्ही मोजपट्टी, बॅटरी, भिंग, लोहचुंबक आणि नोटा तपासायचा छोटा अतिनील दिवा एवढे साहित्य घेऊन दुकानात गेलो.

लाकूड सगळीकडून सारखे आकसत नाही

ओल कमी झाली की लाकूड आकसते, पण दिशेप्रमाणे वेगवेगळे. ओला साग पूर्ण वाळला, तर वलयांच्या कडेकडेने तो पाचसहा टक्के, गाभ्याकडून सालीच्या दिशेने दोनतीन टक्के आणि खोडाच्या लांबीत केवळ एक-दोन दशांश टक्के आकसतो. कारण काष्ठतंतू खोडाच्या लांबीत असतात. पाण्याचे रेणू तंतूंच्या भिंतींतून निघून गेले की तंतू बारीक होतात, आखूड फारसे होत नाहीत.

म्हणून अस्सल जुने गोल टेबल बहुधा पूर्ण गोल राहत नाही. फळ्यांच्या लांबीत त्याचा व्यास तोच राहतो, आडवा मात्र किंचित घटतो. नव्वद सेंटिमीटरच्या टेबलात हा फरक पाचसात मिलिमीटर सहज असू शकतो. आमच्या टेबलाचा व्यास दोन्ही दिशांनी मोजला. फरक एक मिलिमीटरही नव्हता.

यावरून टेबल नवे ठरले का? नाही. लाकूड आधीच उत्तम मुरवलेले असेल किंवा वस्तू कोकणासारख्या दमट हवेत राहिली असेल, तर फरक थोडाच पडतो. उलट, ओल्या लाकडाचे नवे टेबलही दोन उन्हाळ्यांत लांबट होते. हा पुरावा संशय निर्माण करतो, निकाल देत नाही.

उलटे करून पाहा

जुनी वस्तू पाहताना बहुतेक लोक वरचा भाग पाहतात. नक्कल करणाराही त्याच भागावर मेहनत घेतो. म्हणून पाहायचे ते खालून, मागून आणि खणाच्या आतून.

हाताने ओढलेल्या करवतीच्या खुणा सरळ, पण कमीअधिक अंतरावर आणि थोड्या तिरक्या असतात. यंत्रावरच्या गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात. अशी करवत एकोणिसाव्या शतकात हळूहळू पसरली. इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत येथे एक नियम दिलेला असतो: हाताच्या खुणा म्हणजे वस्तू जुनी. आपल्याकडे हा नियम लावणे धोक्याचे आहे. आपले सुतार वाकस, पटाशी, रंधा आणि हातकरवत विसाव्या शतकातही सर्रास वापरत होते आणि काही ठिकाणी आजही वापरतात. म्हणजे भारतात हातकाम दिसले, तर काळाविषयी फारसे काही सिद्ध होत नाही. यंत्राची खूण दिसली, तर मात्र ते यंत्र येण्यापूर्वीची ती वस्तू नव्हे, एवढे नक्की ठरते.

स्क्रूचेही तसेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्क्रूचे टोक बोथट असे. १८५४ पासून बर्मिंगहॅमजवळच्या कारखान्यात टोकदार स्क्रू यंत्रावर मोठ्या प्रमाणात निघू लागले. डोक्यावर अधिकचिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकातला. तारेपासून केलेले गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र झाले. बिजागरी पितळी दिसत असली आणि तिला लोहचुंबक चिकटत असेल, तर ती पितळेचा मुलामा दिलेली लोखंडी आहे. अर्थात स्क्रू आणि बिजागऱ्या दुरुस्तीत बदलल्या जातात. म्हणून स्क्रूइतकेच त्याचे भोक महत्त्वाचे.

आमच्या टेबलाचा निकाल या भोकांनीच लावला. पायांच्या वरच्या चौकटीत वापरात नसलेली सहा जुनी भोके होती, कडा झिजलेली आणि आतून काळी पडलेली. ती जर टेबलाचा वरचा भाग बसवण्यासाठी पाडली असतील, तर वरच्या फळ्यांच्या खालच्या बाजूला त्यांना जुळणारी भोके हवीत. तेथे एकही नव्हते. होत्या त्या गोल करवतीच्या कमानी. म्हणजे पाय एका टेबलाचे आणि वरचा भाग दुसराच, नंतर केलेला.

रंग, पॉलिश आणि किडीची भोके

प्रकाश आणि प्राणवायू यांच्यामुळे लाकडातल्या लिग्निनचे रूपांतर होऊन रंग बदलतो. प्रकाश लाकडात एक मिलिमीटरही खोल जात नाही. म्हणून जुन्या टेबलाचा वरचा पृष्ठभाग, खालची बाजू आणि खणाचा आतला भाग यांचे रंग वेगवेगळे असतात. शाळेच्या प्रयोगशाळेतले पोटॅशियम परमँगनेट लावले, तर ताजे लाकूड काही मिनिटांत तपकिरी होते. नक्कल करणारे हेच वापरतात, कधी चहाचे पाणी, कधी अमोनियाची वाफ. पण अशा रंगाला प्रकाश कोठून येत होता हे ठाऊक नसते. तो उजेडात आणि अंधारात सारखाच बसतो. आमच्या टेबलाची खालची बाजूही वरच्याइतकीच काळपट होती!

झिजेचेही असेच आहे. हात, पाय, झाडू आणि ओल्या फरशीचे पाणी जेथे पोचते तेथेच झीज हवी. पितळी समई किंवा तांब्या घेतानाही हेच पाहावे. हात जेथे लागतो तेथील नक्षी गुळगुळीत झालेली हवी. नक्षी सगळीकडे तीक्ष्ण, पण खोबणींत काळे-हिरवे थर, आणि तो थर बोटाने चोळताच पुडीसारखा सुटतो, असे दिसले तर तो बहुधा आम्ल-क्षारांनी आणलेला असतो.

पॉलिशबद्दल थोडक्यात सांगतो. लाखेच्या किड्यापासून मिळणारे शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळते आणि अतिनील प्रकाशात नारिंगी चमकते. पॉलियुरेथेन स्पिरिटला दाद देत नाही. परंतु शेलॅक आजही वापरतात आणि जुन्या वस्तूवर नवे पॉलिश मारलेले असू शकते. यावरून फक्त शेवटचे पॉलिश कोणते हे कळते.

किडीच्या भोकांना लोक जुनेपणाचे प्रमाणपत्र समजतात. खरे म्हणजे सागाचा पक्का गाभा कीड सहसा खात नाही, ती बाहेरच्या कच्च्या लाकडात शिरते. गाभ्याच्या फळीवर भोकांची रांगोळी दिसली, तर संशय घ्यावा. किडीचा बोगदा आत वळत जातो, गिरमिटाचे भोक सरळ असते. आणि अर्धे कापलेले बोगदे लांबच्या लांब पृष्ठभागावर दिसले, तर कीड लागल्यानंतर ते लाकूड पुन्हा कापले आहे असे समजावे.

तज्ज्ञही फसतात

अमेरिकेतील आर्मंड लामाँटेन या शिल्पकाराने १९६९ मध्ये सतराव्या शतकातल्या धर्तीची एक मोठी खुर्ची मुद्दाम बनवली आणि तिला कृत्रिम जुनेपण आणले. १९७० मध्ये मिशिगनमधील हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती अस्सल समजून नऊ हजार डॉलरला विकत घेतली. पुढे त्याने स्वतःच हे उघड केले. खुर्चीची क्ष-किरण तपासणी केल्यावर सांध्यांतली भोके आधुनिक गिरमिटाने पाडल्याचे दिसले. संग्रहालयाने ती फेकली नाही. नक्कल कशी ओळखावी हे दाखवण्यासाठी जपून ठेवली.

या साऱ्यातून एकच सूत्र निघते. जुनेपणाचा कोणताही एक पुरावा जुनेपण सिद्ध करत नाही, कारण प्रत्येकाची नक्कल होऊ शकते. नवेपणाचा एक पक्का पुरावा मात्र दावा मोडू शकतो, तो भाग दुरुस्तीचा नाही हे दाखवता आले तर. 'हे दीडशे वर्षांचे आहे' हे एक गृहीतक समजावे आणि ते खोटे ठरवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. जे अशा प्रयत्नांतून टिकते त्यावर थोडा विश्वास टाकावा. विज्ञानात आपण हेच करतो.

विकत घेण्यापूर्वी

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी नेता येत नाहीत. हस्तिदंती कामाची वस्तू कितीही जुनी असली तरी विकत घेऊ नये, वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्या व्यापारावर बंदी आहे. विक्रेता सांगतो तो काळ, लाकूड आणि केलेली दुरुस्ती बिलावर लिहून मागावी. आणि घरातली जुनी वस्तू घासूनपुसून 'नवी' करू नये. पॉलिशकागदाने रंग, झीज, करवतीच्या खुणा हे सर्व पुरावे एका दुपारी नाहीसे होतात.

शाळेत करून पाहा

शाळेतली जुनी टेबले, कपाटे आणि दारे मुलांना वाटून द्या. प्रत्येक गटाने खालची बाजू, खिळे-स्क्रू, भोके, रंगातला फरक आणि झिजेच्या जागा यांची नोंद करावी. मग 'ही वस्तू अमुक सालापूर्वीची असू शकत नाही' असे एक विधान कारणासह लिहावे. नंतर शाळेच्या जडवस्तू नोंदवहीतल्या खरेदीच्या तारखेशी ते ताडून पाहावे.

त्या टेबलाचे पुढे काय झाले? विक्रेत्याला आम्ही भोके दाखवली. त्यानेही ते तसेच विकत घेतले होते आणि कधी उलटे करून पाहिले नव्हते. थोडा वेळ तो गप्प राहिला, मग किंमत बावीस हजारांवर आली. शाळेने टेबल घेतले. बिलावर लिहिले आहे: 'पाय जुने, वरचा भाग नंतरचा.' मुख्याध्यापकांनी तेच शब्द पाटीवर लिहून टेबलावर ठेवले आहेत. पाहायला येणारी मुले आधी वाकून खालची बाजू पाहतात, असे त्यांनी कळवले आहे. आपल्या शाळेतली निरीक्षणेही आम्हाला जरूर कळवा.