विश्लेषण : ‘मराठीसाठी एक दाबा’... पुढचे पर्याय लक्षात का राहत नाहीत?

मासळी कुठे मिळेल, मांडव्याहून पुढची बोट कधी, अनुदानाचा हप्ता का अडला, अशा प्रश्नांची उत्तरे आता फोनवर यंत्र देते. ज्यांना पडद्यावरचे वाचणे जमत नाही किंवा ज्यांचे हात कामात गुंतलेले असतात, त्यांच्यासाठी हा मार्ग सोयीचा मानला जातो. पण यंत्राने पर्यायांची यादी वाचायला सुरुवात केली की तिसऱ्या-चौथ्या पर्यायापर्यंत पहिला विसरलेला असतो. बोलणाऱ्या यंत्राने पर्याय कसे मांडावेत, यावर जगभर संशोधन झाले आहे. उरणपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर त्याचा संबंध थेट डिझेलच्या खर्चाशी आणि जिवाच्या सुरक्षिततेशी येतो.

नेमकी अडचण कुठे आहे?

पडद्यावरची यादी नजरेसमोर राहते. डोळा वर-खाली फिरतो, दोन पर्यायांची तुलना होते, नको ते गाळता येते. ऐकलेली यादी मात्र उच्चारताच विरून जाते. शिवाय तिचा वेग ऐकणारा ठरवत नाही, यंत्र ठरवते. एका पर्यायाला सहा-सात सेकंद धरले, तर नऊ पर्याय ऐकायला मिनिटभर लागते. हवा असलेला पर्याय आठवा असेल, तर आधीचे सात निमूटपणे ऐकावे लागतात.

माणसे एकमेकांशी असे बोलत नाहीत. एसटी स्थानकाच्या चौकशी खिडकीवर ‘मुरूडला गाडी कधी?’ असे विचारले, तर नियंत्रक दिवसभराचे वेळापत्रक वाचून दाखवत नाही. तो पुढची गाडी सांगतो; फार तर ‘आत्ता जायचंय की संध्याकाळी?’ असे उलट विचारतो. समोरच्याला काय हवे आहे याचा अंदाज बांधून तो पर्याय आधीच गाळतो. यंत्राला ही गाळणी शिकवणे हाच या विषयाचा गाभा आहे.

ऐकताना किती पर्याय पेलतात?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये माणसाच्या तात्कालिक स्मृतीची मर्यादा साधारण सात घटकांची असल्याचे मांडले. नंतरच्या संशोधनाने ती चारच्या आसपास आणली. अमेरिकेत १९६३ मध्ये बटणांचा फोन आला आणि पुढे ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ ही पद्धत रुजली, तेव्हा याच संशोधनाचा आधार घेऊन एका वेळी तीन-चारच पर्याय द्यावेत, असा संकेत पडला.

तो संकेत पूर्ण बरोबर नाही. ऐकणाऱ्याला अख्खी यादी पाठ करायची नसते. आतापर्यंत ऐकलेल्यांपैकी सर्वांत जवळचा वाटलेला एकच पर्याय त्याला लक्षात ठेवायचा असतो. त्यामुळे पर्यायांच्या संख्येपेक्षा प्रत्येक पर्यायात किती माहिती कोंबली आहे, हे महत्त्वाचे ठरते.

पर्याय कमी केले की काम सोपे होते का?

एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे महत्त्वाचा आहे. त्यात ४८ तरुण आणि वयस्कर व्यक्तींनी नऊ वेगवेगळ्या बोलणाऱ्या प्रणाल्यांवर भेटीच्या वेळा ठरवल्या. काही प्रणाल्या एका वेळी कमी पर्याय देत, काही जास्त. काही प्रणाल्या प्रत्येक टप्प्यावर ‘तुम्ही मंगळवार म्हणालात, बरोबर ना?’ अशी खात्री करून घेत.

वयस्करांना कमी पर्याय आणि वारंवार खात्री यांचा फायदा होईल, अशी अपेक्षा होती. निष्कर्ष उलटा निघाला. एका वेळी जास्त पर्याय देणाऱ्या आणि स्वतंत्र खात्री टाळणाऱ्या प्रणाल्यांवर दोन्ही वयोगटांचे काम लवकर झाले आणि त्यामुळे चुकाही वाढल्या नाहीत. कारण पर्याय कमी केले की संवाद लांबतो आणि लांबलेला संवादही डोक्याला ताणच असतो. ‘पर्याय किती’ यापेक्षा त्या विशिष्ट कामात डोक्यावर खरा भार कुठे पडतो हे आधी तपासा, असा या अभ्यासाचा सांगावा आहे.

मग मांडणी कशी करावी?

सर्वांत मान्य पद्धत म्हणजे आधी सारांश आणि मग नेमकेपणा. एडिनबरा विद्यापीठातच २००६ मध्ये विमान प्रवासाच्या माहितीवर याची चाचणी झाली. यंत्राने प्रवाशाच्या पसंतीनुसार पर्यायांचे गट केले, गटांतला फरक सांगितला आणि ज्या गटाचा उपयोग नाही तो एका वाक्यात निकालात काढला. प्रवाशाची पसंती लक्षात न घेता केलेल्या सारांशापेक्षा ही पद्धत लोकांना उजवी वाटली आणि आपल्या कामाचे सर्व पर्याय ऐकले, असा त्यांचा विश्वासही वाढला.

हीच पद्धत अलिबागहून मुंबईला निघालेल्या प्रवाशाला लावून पाहू. त्याच्यापुढे मांडवा ते गेटवे प्रवासी बोट, मांडवा ते भाऊचा धक्का रो-रो, रेवसची लाँच आणि पेण-पनवेलमार्गे रस्ता असे पर्याय आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून रस्त्यालाही दोन फाटे फुटले. प्रत्येकाची वेळ, भाडे आणि ठिकाण वाचले, तर प्रवासी गोंधळणारच. त्याऐवजी यंत्राने म्हणावे : ‘गाडी सोबत असेल तर रो-रो किंवा रस्ता, नसेल तर गेटवेची बोट किंवा रेवसची लाँच. गाडी आहे का?’ एका उत्तरात निम्मे पर्याय गळतात. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा तो पर्याय उच्चारूच नये. पण कोणी मुद्दाम विचारले तर ‘पावसाळ्यामुळे बंद’ हे कारण सांगावे. गाळलेल्या पर्यायाचे कारण मिळाले नाही, तर ऐकणाऱ्याला यंत्राने काही लपवले असे वाटते.

मच्छीमारांच्या बाबतीत गुंतागुंत का वाढते?

हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था, म्हणजे ‘इन्कॉईस’, उपग्रहांकडून मिळणारे समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हरितद्रव्याचे प्रमाण यांवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रे ठरवते. हे सल्ले मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिले जातात. प्रत्येक उतरण केंद्रापासून क्षेत्राची दिशा, अंशातला कोन, अंतर, खोली, अक्षांश आणि रेखांश असा त्यांचा साचा असतो.

कागदावर हा तक्ता नेटका दिसतो. आवाजात तो कसा ऐकू येईल? उदाहरणादाखल : ‘नैऋत्येला, दोनशे पस्तीस अंशांवर, पस्तीस ते चाळीस किलोमीटर, खोली पंचवीस ते तीस मीटर’ आणि त्यानंतर अंश, मिनिटे, सेकंद अशा तुकड्यांत अक्षांश-रेखांश. एका क्षेत्रामागे अकरा आकडे होतात. तीन क्षेत्रे वाचली की तेहेतीस. इंजिनाच्या आवाजात हे कोणाच्याही लक्षात राहणार नाही. निवड मात्र महागाची असते, कारण एका दिशेला होडी हाकारली की डिझेल जळते आणि दुसरे क्षेत्र त्या दिवसापुरते सुटते.

येथे कामाची गाळणी म्हणजे जाळे. रायगडमध्ये डोल जाळ्याने बोंबील, जवळा, कोळंबी पकडणारे अनेक आहेत. डोल प्रवाहाच्या तोंडाशी एका जागी बांधलेली असते. त्यांना तीस-चाळीस किलोमीटरवरच्या क्षेत्रापेक्षा उधाण-भांग आणि लाटांची उंची हवी असते. गिलनेट किंवा पर्ससीनवाल्याला क्षेत्राचे अंतर महत्त्वाचे. म्हणून पहिला प्रश्न ‘जाळं कुठलं?’ असा असावा. पुढे दिशा, अंतर आणि खोली एवढेच बोलावे. अक्षांश-रेखांश लिखित संदेशाने पाठवावेत, म्हणजे ते जीपीएसवर टाकता येतील. खोली मीटरऐवजी वावात सांगितली तर ती हिशेब न करता समजते. एक वाव सुमारे सहा फुटांची, म्हणजे तीस मीटर साधारण सोळा वाव.

धोक्याचा इशाराही पर्यायांत घालावा का?

अजिबात नाही. ‘वादळाच्या माहितीसाठी चार दाबा’ हे पर्यायांच्या मांडणीतले सर्वांत घातक उदाहरण ठरेल. इशारा सर्वांत आधी, न विचारता आणि एका वाक्यात यायला हवा : ‘आज समुद्रात जाऊ नका.’ कारण त्यानंतर. निवडीचा प्रश्न त्याहून पुढे.

आवाजी सेवेच्या मर्यादेचेही भान हवे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्यातील वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली. अशा वेळी दवंडी, भोंगे आणि बंदरावरचे बावटे यांना पर्याय नसतो.

मराठीचे वेगळे प्रश्न कोणते?

पर्यायाचे नाव आधी आणि बटण नंतर सांगावे, असा जगभरचा नियम आहे, कारण शेवटी ऐकलेले ताजे राहते. ‘हवामानासाठी एक दाबा’ ही मराठीची स्वाभाविक रचना या नियमाला धरूनच आहे. बिघाड होतो तो सरकारी भाषेमुळे. ‘आपल्या नोंदणीकृत भ्रमणध्वनी क्रमांकाशी संलग्न खात्याची सद्य:स्थिती जाणून घेण्याकरिता...’ या वाक्यात कामाचा शब्द येईपर्यंत लक्ष उडालेले असते. ‘पैसे जमा झाले का, हे बघायला दोन दाबा’ एवढे पुरते.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर येतो. बासष्ट, त्रेसष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट हे कानाला जवळचे वाटतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी रीत दिली तेव्हा मोठा वाद झाला. शाळेपुरता तो वाद बाजूला ठेवला तरी फोनवर ‘सहा-दोन’ असे अंक सुटे करून पुन्हा सांगणे उपयोगाचे ठरते. तिसरा प्रश्न बोलीचा. पापलेटला कोकणात काही भागांत सरंगा म्हणतात. आगरी-कोळी बोलीतले उच्चार प्रमाण मराठीवर शिकलेल्या यंत्राला अडतात. म्हणूनच सहा भारतीय भाषांत शेतमालाचे भाव बोलून विचारण्याचा सरकारी प्रकल्प हाती घेतला गेला, तेव्हा मराठीसाठी आयआयटी मुंबई आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी आधी राज्यातल्या शेतकऱ्यांचे आवाज फोनवर गोळा केले.

बटण बरे की मोकळे बोलणे?

मोकळे बोलता आले की पर्यायांची कटकट संपेल, असे वाटणे साहजिक आहे. पण गुजरातमधील शेतकऱ्यांसाठीच्या ‘अवाज ओटलो’ या सेवेवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत बटणे दाबणाऱ्यांनी बोलणाऱ्यांपेक्षा जास्त कामे पूर्ण केली आणि त्यांना ते सोपेही वाटले. त्यानंतर तंत्रज्ञान बरेच पुढे गेले. केंद्राने जुलै २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा भाषा मंच सुरू केला, तर सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम-किसानसाठी ‘किसान ई-मित्र’ आला. साध्या फोनवरून पैसे पाठवण्याची ‘यूपीआय १२३पे’ ही सोय मार्च २०२२ पासून आहे आणि तिच्यातही फोनवरच्या पर्यायांचा मार्ग आहे.

तरीही ‘मी तुमची काय मदत करू?’ या मोकळ्या प्रश्नापुढे अनेक जण गप्प होतात, कारण यंत्राला काय विचारता येते तेच ठाऊक नसते. त्यासाठी ‘भाव, हवामान किंवा हप्ता, काय बघायचं?’ अशी दोन-तीन उदाहरणे देऊन प्रश्न मोकळा ठेवणे हा मधला मार्ग आहे. बोलणे दोनदा कळले नाही तर बटणे आणि तरीही अडले तर माणूस, असा उतरता क्रम हवा. २००४ पासून चालणाऱ्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर माणूसच बोलतो, ही त्या सेवेची जमेची बाजू आहे.

पर्यायांचा क्रम ठरवतो कोण?

पडद्यावर दहा हॉटेले दिसतात. बोलणारे यंत्र दोन-तीनच उच्चारते, कधी एकच. नागाव किंवा काशीदला राहण्याची सोय विचारणाऱ्याला ज्या घरगुती निवासाचे नाव ऐकू येणार नाही, ते त्याच्यापुरते अस्तित्वातच नसते. ते नाव अंतरामुळे पुढे आले, पसंतीमुळे की पैसे मोजल्यामुळे, हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ ‘डार्क पॅटर्न’ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत जाहिरात असूनही तशी न सांगणे हा प्रकार आहे. आवाजी सेवेत ‘ही जाहिरात आहे’ आणि ‘आणखी सात पर्याय आहेत’ ही दोन वाक्ये त्यामुळे गरजेची ठरतात.

काय करता येईल?

उपाय महागडे नाहीत. आधी धोका, मग सारांश, मग निवड हा क्रम पाळावा. एका पर्यायात एकच फरक सांगावा. ‘पुन्हा सांगा’, ‘मागे जा’ आणि ‘माणसाशी बोलायचं’ या तीन वाटा कायम उघड्या ठेवाव्यात. यंत्र बोलत असताना मध्येच तोडून उत्तर देण्याची मुभा द्यावी. निवड पूर्ण झाल्यावर सारे तपशील लिखित संदेशाने पाठवावेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चाचणी कार्यालयातल्या शांत खोलीत न करता इंजिन सुरू असलेल्या होडीवर आणि भर बाजारात टोपलीपुढे बसलेल्या विक्रेतीच्या फोनवर करावी. तिथे तिसरा पर्याय ऐकू आला नाही, तर तो दिलाच नव्हता असे धरावे लागेल.