लाटेवर वाकणारी शेपटी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या माणिकगड डोंगरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही घरच्या घरी सर्फबोर्ड बनवणाऱ्याला जो भाग सर्वांत छळतो, त्याचं उत्तर याच जंगलपट्ट्यात उगवतं.

तरंगण्याचा प्रश्न तसा सोपा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातल्या थर्मोकोलमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच असते. त्याचे तुकडे जोडून ३० लिटर आकारमानाची फळी केली, तर ती फार तर तीसेक किलो पाणी बाजूला सारेल. म्हणजे ६० किलोचा माणूस स्थिर पाण्यात तिच्यावर उभा राहिला, तर ती पाण्याखाली जाणार. लाटेवरून वेगात घसरताना मात्र खालचं पाणीच दोघांना उचलून धरतं. फसगत होते ती लेप देताना. स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन ओतलं, की थर्मोकोल डोळ्यांदेखत विरघळतो. तिथं एपॉक्सीच लागतं.

खरी करामत बोर्डाच्या मागच्या टोकात, म्हणजे शेपटीत आहे. ती कळली कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ग्रीनो यांना. माशांच्या शेपट्या न्याहाळून त्यांनी १९६०च्या दशकात बोर्डाखालचा फिन (कल्ला) निमुळता आणि लवचीक केला. तसाच फिन लावलेल्या बोर्डावर ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगनं १९६६ची जागतिक स्पर्धा जिंकली. ग्रीनो स्वतः गुडघ्यांवर बसून चालवायचे तो ‘वेलो’ बोर्ड तर मधोमध नुसता फायबरग्लासचा पातळ पत्रा होता. लाट नसली तर जेमतेम तरंगे, वळणावर मात्र बेफाम.

कारण साधं आहे. वळताना दाबानं शेपटी वर वाकते, तळाची कमान वाढते आणि बोर्ड लहान वर्तुळात फिरतो. दाब सुटताच ती सरळ होते, साठलेली ऊर्जा परत देते. सपाट तळ वेग धरतो.

असं वारंवार वाकून न मोडणारं, स्वस्त काय? बांबू. त्याचे तंतू सालीकडे दाट आणि आत विरळ असतात, त्यामुळे सर्वाधिक ताण येतो तिथंच ताकद मिळते. चंद्रपूर-गडचिरोलीतला मानवेल तर बराचसा भरीवच. बुरडकामातून उरलेल्या कामट्या सालीची बाजू खाली, पाण्याकडे ठेवून थरांत चिकटवल्या आणि टोकाकडे पातळ तासल्या, की शेपटी तयार. त्याआधी त्या बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून वाळवाव्यात, नाहीतर भुंगा लागतो. बांबूकामाचं प्रशिक्षण देणारं केंद्र चंद्रपूरजवळ चिचपल्लीला आहेच.

एपॉक्सी मात्र विकतच आणावं लागतं. तेव्हा अशा बोर्डाला ‘पूर्णपणे टाकाऊतून टिकाऊ’ म्हणणं ही अतिशयोक्तीच.