बांबूचं फ्लोअरिंग विकायचंय? आधी ओलावा समजून घ्या

बांबूवरच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "सर, बांबू फ्लोअरिंगचा धंदा सुरू करू का?" करा की. पण आधी माझ्या खिशाला बसलेला फटका ऐका.

माझं सुरुवातीचं काम. तळमजल्यावरची 12 बाय 14 ची खोली, मे महिना. माल आला त्याच दिवशी आम्ही बसवला, पट्ट्या चारही बाजूंनी भिंतीला अगदी चिकटवून. दिसायला एक नंबर! जुलैमध्ये फोन आला, "दादा, जमीन मधूनच उचललीय." जाऊन बघतो तर पट्ट्या फुगून तंबूसारख्या वर आलेल्या. त्या कामात मला 9,000 रुपये सुटले होते आणि दुरुस्तीत 31,000 गेले. माल चांगला होता, चूक माझी होती.

बांबू लाकूड नाही, गवत आहे

बांबू साधारण 3 ते 4 वर्षांत बांधकामाला तयार होतो. सागाला त्यासाठी कित्येक वर्षं थांबावं लागतं. हा त्याचा मोठा फायदा. पण त्याच्यात स्टार्च भरपूर असतो आणि भुंग्याला तोच आवडतो. कोवळा, प्रक्रिया न केलेला बांबू वापरला की काही महिन्यांत खाली पिवळसर भुकटी पडायला लागते. म्हणून पक्व बांबू घ्यायचा आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून वाळवायचा. ही प्रक्रिया तुलनेने सुरक्षित आहे, पण पावसात ते औषध धुऊन जातं. त्यामुळे बाहेरच्या कामात बांबूचा पाय थेट मातीत नको आणि डोक्यावर छप्पर हवं. आपल्या जुन्या कुडाच्या घरांना उंच जोतं आणि लांब पागोळी का असायची, ते आता लक्षात आलं ना?

गोल बांबूची सपाट पट्टी कशी होते?

बांबू उभा चिरतात, वरची साल आणि आतला मऊ भाग रंधून काढतात, कामट्यांवर प्रक्रिया करून त्या वाळवतात आणि गोंद लावून प्रेसमध्ये दाबतात. बाजारात तीन प्रकार मिळतात:

1. हॉरिझॉन्टल: कामट्या आडव्या ठेवलेल्या. बांबूच्या गाठी छान दिसतात.
2. व्हर्टिकल: कामट्या उभ्या कडेवर. दिसायला बारीक, सरळ रेषा.
3. स्ट्रँड वूव्हन: बांबूचे तंतू मोकळे करून, गोंदात भिजवून प्रचंड दाबाखाली एकजीव केलेले. तिन्हींत सगळ्यात कठीण. दुकान, ऑफिस अशा वर्दळीच्या जागी हाच सुचवा.

गडद तपकिरी "कार्बोनाइज्ड" माल हा रंग लावलेला नसतो, वाफेवर गरम करून तो रंग येतो. पण त्या प्रक्रियेत पट्टी थोडी मऊ पडते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा. आणि यात गोंद असतो, त्यामुळे "शंभर टक्के नैसर्गिक" म्हणून विकू नका. सप्लायरकडून फॉर्मल्डिहाइडचा ग्रेड लेखी घ्या.

बसवताना या चार गोष्टी

- माल त्याच खोलीत किमान 3 दिवस ठेवा. तिथल्या हवेशी त्याला जुळू द्या.
- काँक्रीटवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून 24 तास ठेवा. खाली पाणी जमलं तर काम पुढे ढकला.
- काँक्रीटवर ओलावा अडवणारी शीट टाका.
- भिंतीलगत 10 ते 12 मिलिमीटर फट सोडा. वर स्कर्टिंग येतंच, फट दिसत नाही.

पावसाळ्यात बांबू ओलावा घेतो आणि फुगतो. त्याला पसरायला जागा नसली की तो वर उचलला जातो. माझ्या खोलीत नेमकं हेच झालं. बाथरूम आणि ओल येणाऱ्या भिंतीजवळचं काम सरळ नाकारा.

धंदा कुठून सुरू करायचा?

फ्लोअरिंग बनवायच्या मागे लागू नका. प्रेस आणि ड्रायरमध्ये मोठं भांडवल अडकतं. आधी माल आणून बसवून देण्याचं काम करा. कोटेशन देताना वेस्टेज धरा: 12 गुणिले 14 म्हणजे 168 चौरस फूट, त्यावर 8 टक्के, म्हणजे साधारण 182 चौरस फूट माल. हे विसरलात तर नफा तिथेच गेला.

दुसरा रस्ता प्रक्रिया केलेल्या बांबूचा. सिंधुदुर्गात भरीव, बिनकाट्याचा माणगा होतो. मंडप, पार्टिशन, रिसॉर्टच्या कामाला उत्तम. 2017 साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू "झाड" या व्याख्येतून निघाला. त्यामुळे शेतातल्या बांबूची तोड आणि वाहतूक सोपी झाली. जंगलातल्या बांबूला मात्र नियम आहेतच, म्हणून खरेदीची पावती जपा.

गिऱ्हाईक "बांबू टिकेल का?" विचारेलच. दिल्लीच्या नव्या संसद भवनात त्रिपुराच्या बांबूचं फ्लोअरिंग आहे, बेंगळुरू विमानतळाच्या टर्मिनल 2 चं छत बांबूने सजवलंय, हे सांगा. पण लगेच पुढे सांगा, "टिकेल, पण नीट वाळवला आणि नीट बसवला तरच."

या आठवड्याचं काम: दोन सप्लायरकडून तिन्ही प्रकारांचे तुकडे मागवा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी कुठला तुकडा किती फुगला ते मोजून वहीत लिहा. पहिली ऑर्डर त्यानंतरच घ्या.