रस्सीखेच सगळ्यांची, पण कोण किती ओढतं?



प्रशिक्षणाला गेलं की जेवणानंतरच्या सत्रात एखादा खेळ ठरलेला असतो. कधी वर्तमानपत्राच्या कागदाचा मनोरा, कधी फुगे, तर कधी मैदानात रस्सीखेच. पदर खोचून सगळ्या उतरतात, पोट धरून हसतात. मग फळ्यावर लिहिलं जातं, 'एकीचं बळ, मिळतं फळ'. आणि गावात परतल्यावर? पासबुक त्याच ताईंच्या पिशवीत, बँकेच्या रांगेत त्याच ताई, आणि बैठकीत बोलणाऱ्याही त्याच दोघी.

म्हणून बऱ्याच जणी मला विचारतात, "ताई, त्या खेळांनी खरंच काही होतं का?" माझं मत सरळ सांगते. नुसत्या खेळाने टीम तयार होत नाही. कोण काय काम करतंय हे सगळ्यांना दिसायला लागलं आणि मनातलं बोलायची भीती गेली, की टीम तयार होते. खेळ फार तर ही गोष्ट दाखवून देतो. पुढचं काम आपल्या बैठकीतच करावं लागतं.

दोरीचा हिशोब

रस्सीखेचीवरूनच बघू. फ्रान्समध्ये मॅक्स रिंगेलमन नावाचे एक शेती अभियंता होते. माणसं, बैल, घोडे किती जोर लावतात हे ते मोजायचे. त्यांनी माणसांना आधी एकेकटं आणि नंतर मिळून दोरी ओढायला लावली. आठ जणांनी मिळून आठपट जोर लागायला हवा ना? तसं झालं नाही. आठ जण एकत्र ओढत असताना प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना लागायचा त्याच्या जवळपास निम्माच भरला. हा अभ्यास १९१३ साली छापून आला.

याला दोन कारणं असतात. एक म्हणजे ताळमेळ. सगळ्यांचा झटका एकाच वेळी बसत नाही. दुसरं कारण १९७४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी शोधलं. त्यांनी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मागे अजून लोक ओढत आहेत असं त्याला भासवलं. प्रत्यक्षात मागचे लोक नुसतं नाटक करत होते. तरीही त्या माणसाचा जोर कमी झाला! इथे ताळमेळाचा प्रश्नच नव्हता. 'मागे बाकीचे आहेतच' एवढं मनात आलं की हात आपोआप सैल पडतो.

यावर उपाय आहे का? आहे. १९८१ साली असाच एक प्रयोग ओरडण्याचा झाला. गटात ओरडतानाही प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे, असं लोकांना सांगितलं. मग गटातही ते एकट्याने ओरडावं तेवढ्याच जोराने ओरडले. म्हणजे माणूस मुळात कामचुकार नसतो. आपण केलेलं कुणाला दिसत नाही आणि नाही केलं तरी कळत नाही, असं झालं की सैलपणा येतो.

आपल्या गटातलं न दिसणारं काम

आता आपल्या गटाकडे बघा. पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. पण या पाच गोष्टी घडवून आणायला किती हात लागतात? घरोघरी निरोप द्यायचा, बचत गोळा करायची, वही लिहायची, तालुक्याला जाऊन पैसे भरायचे, पासबुकावर नोंद करून आणायची, ग्रामसंघाच्या बैठकीला बसायचं. बहुतेक गटांत यातलं निम्म्याहून जास्त काम एकट्या सचिव ताई करतात. बँकेत गेलं की त्या दिवसाचा रोज बुडतो, गाडीभाडं जातं, घरी आल्यावर बोलणी बसतात ती वेगळीच. आणि गटाला वाटतं, 'ताई आहेत ना, बघतील.'

डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या त्या माणसाची गोष्ट हीच आहे.

हे चालतं तोवर चालतं. मग सचिव ताई लेकीच्या बाळंतपणाला महिना-दीड महिना जातात. वही त्यांच्या कपाटात. हप्ता कधी भरायचा, किती भरायचा, कुणालाच नीट माहीत नसतं. हप्ता चुकतो, बँकेचा फोन येतो. मग जिने पाच वर्षं गट ओढला तिच्यावरच सगळ्या चिडतात. असं मी एकापेक्षा जास्त गटांत पाहिलंय. चांगला चाललेला गट अशाने फुटतो. तसं बघितलं तर पैशाचा घोटाळा कुणीच केलेला नसतो.

आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं

हे ज्ञान काही बाहेरून आणायला नको. आपल्याकडे सावड होतीच, काही गावांत अजून आहे. आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या माझ्या शेतात तुम्ही. सावड टिकायची कारण कोण कुणाकडे किती दिवस आलं हे दोन्हीकडच्यांच्या लक्षात असायचं. वही नव्हती, पण हिशोब पक्का होता. फेड केली नाही तर पुढच्या खेपेला कुणी यायचं नाही. इर्जिकीला अख्खं गाव नांगर-बैल घेऊन यायचं, आणि ज्याचं शेत त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. कष्ट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असायचे, आणि त्यांचा मानही व्हायचा.

लिज्जत पापड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. तिथली प्रत्येक बहीण मालकीण मानली जाते. पण मालकीण म्हणून कुणी नुसतं बसून राहत नाही. पीठ घरी न्यायचं, पापड लाटायचे, परत आणून जमा करायचे, आणि लाटले तेवढ्याची मजुरी घ्यायची. जिचं काम तिच्या नावावर लागतं, म्हणून रुसवेफुगवे कमी होतात.

दुसरी गोष्ट: विचारायची भीती

काम दिसलं तरी एवढ्याने भागत नाही. बैठकीत वही फिरते, 'सही करा' म्हणतात, आपण करतो. आकडा कळलेला नसतो, पण 'मी विचारलं तर अध्यक्ष ताईंना वाटेल की माझा विश्वास नाही' म्हणून गप्प बसतो. मग घरी जाऊन शेजारणीला विचारतो. तिथून कुजबुज सुरू होते.

एमी एडमंडसन या अमेरिकेतल्या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात दवाखान्यांतल्या टीमचा अभ्यास केला. जिथे टीम चांगली, तिथे औषध देण्यात चुका कमी, असं त्यांना वाटलं होतं. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला. चांगल्या टीममधल्या नर्स झालेली चूक उघडपणे सांगत होत्या. बाकी ठिकाणी रागावतील या भीतीने चूक झाकली जायची.

म्हणून ज्या गटात बैठकीत प्रश्न विचारले जातात, थोडी वादावादी होते, तो गट मला धड वाटतो. जिथे कधीच कुणी काही विचारत नाही, तिथे मी वही जरा नीट बघते.

मुलांच्या शाळेतही हेच

शाळेत गटाने प्रकल्प करायला देतात. पाच मुलांची नावं, आणि काम एका हुशार मुलीचं, नाहीतर तिच्या आईचं! आमच्या समाजकार्याच्या कॉलेजात 'गटकार्य' हा अभ्यासाचा विषयच होता. तिथेही पुष्कळदा गटाचा अहवाल एकच जण लिहायचा आणि सह्या सगळ्यांच्या असायच्या. यातून मूल एकच शिकतं, की काम न करताही नाव लागतं. आणि जी राबते ती शिकते, 'त्यापेक्षा एकटीनेच केलेलं बरं.' तुमचं मूल प्रकल्प घेऊन आलं तर 'किती मार्क मिळाले' याच्या आधी विचारा, 'यात तू काय केलंस?' बाईंना भेटलात तर म्हणा, प्रत्येकाचं काम त्याच्या नावापुढे लिहून घ्या. एवढ्यानेही फरक पडतो.

मग खेळ नकोतच का?

तसं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मैदानात धावले, असं सांगणाऱ्या ताई भेटतात. तो आनंद लहान नाही. पण गुडघा दुखतोय, दिवस गेलेत, किंवा नुसतं मन नाही, अशा कुणाला ओढून खेळायला लावू नये. तिला निरीक्षक करा. बसून बघणारीला जास्त दिसतं.

आणि खेळ संपल्यावर लगेच चहाला उठू नका. प्रशिक्षक विसरले तर तुम्हीच म्हणा, 'ताई, आधी यावर बोलू.' तीन प्रश्न पुरेत:

१. खेळताना हुकूम कोण देत होतं?
२. कुणाकडे चांगली युक्ती होती, पण ती ऐकली गेली नाही?
३. आपल्या गटाच्या बैठकीतही असंच होतं का?

तिसऱ्या प्रश्नाला सगळ्या गप्प झाल्या तर समजा, खेळ कामी आला.

पुढच्या बैठकीत एवढं करून बघा

कामांची यादी करा. गटाची महिन्याभराची सगळी कामं मोठ्या कागदावर लिहा, निरोप देण्यापासून सतरंजी झाडण्यापर्यंत. प्रत्येक कामापुढे सध्या ते करणारीचं नाव लिहा. लिहिता-वाचता न येणाऱ्या ताईंसाठी चित्रं काढा, नावाऐवजी खडे ठेवा. कुणापुढे किती खडे पडले हे सगळ्यांना दिसेल.

बँकेत जाताना जोडी करा. सही करणाऱ्या ताईंसोबत दर वेळी एक नवी सदस्य जाऊ द्या. स्लिप भरायला शिकवा. भाडं गटातून द्यायचं का, हे बैठकीत ठरवून ठरावात लिहा.

आकडे मोठ्याने वाचा. बैठक संपण्याआधी आजची बचत, आलेली परतफेड, दिलेलं कर्ज आणि शिल्लक वाचून दाखवा. वाचणारी दर वेळी बदला. मग सही.

आधी गप्प राहणारीला विचारा. कर्ज कुणाला द्यायचं हे ठरवताना अध्यक्ष ताईंनी शेवटी बोलावं. त्या आधी बोलल्या की बाकीच्या नुसती मान हलवतात.

सचिव ताईंसाठी एक शब्द: काम वाटून देणं म्हणजे पद जाणं नव्हे. वही दुसरीला शिकवलीत तर तुम्ही लेकीकडे निवांत जाऊ शकाल. आणि सदस्यांसाठी एक शब्द: 'मला जमत नाही' हे खरं असेल, पण 'मला शिकवा' हेही म्हणता येतं. सोयाबीनच्या सोंगणीत कुणाची पात कुठवर आली हे बांधावरून दिसतं, म्हणून कुणी मागे राहत नाही. गटाचं कामही तसं सगळ्यांच्या नजरेसमोर आणायचं आहे.

पुढच्या महिन्यात मी तुमच्या गटात येईन तेव्हा तो कामांचा कागद भिंतीवर दिसला तर आनंद होईल. यादी करताना वाद झाला तर तोही सांगा, त्यावर बसून बोलू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक