मॉलचा गाळा आणि भिवंडीचे गोदाम

मुंबई-नाशिक महामार्गावरून भिवंडीच्या दिशेने जाताना माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांच्या परिसरात पत्र्याच्या उंच छपरांच्या रांगा दिसू लागतात. साबणापासून शीतकपाटापर्यंत आणि तयार कपड्यांपासून औषधांपर्यंत असंख्य वस्तू येथे साठविलेल्या असतात. ठाणे, मुलुंड, मालाड येथील मॉलमध्ये काचेआड मांडलेला कितीतरी माल याच गोदामांतून निघून टेम्पोने तेथे पोहोचलेला असतो. मॉलच्या व्यवसायाचा इतिहास समजून घेताना ही मागची बाजू डोळ्यांआड करता येत नाही. गेल्या दोन दशकांत अनेक व्यापारी कुटुंबांनी आपली बचत गाळ्यांत आणि गोदामांत गुंतविली, म्हणून तर हा इतिहास जाणून घेणे अधिकच अगत्याचे आहे.

उपनगरासाठी जन्मलेली कल्पना

छताखाली बंदिस्त असलेला आणि हिवाळा-उन्हाळा सारखेच तापमान राखणारा पहिला मॉल अमेरिकेतील मिनियापोलिसच्या एडायना या उपनगरात ८ ऑक्टोबर १९५६ रोजी सुरू झाला. त्याचे नाव साउथडेल. त्याचा आराखडा करणारे वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे. नाझी सत्ता आल्यावर १९३८ मध्ये ते देश सोडून अमेरिकेत आले. गावचौकाप्रमाणे माणसे जेथे भेटतील, बसतील, बोलतील अशी जागा त्यांना उभारायची होती. भोवती घरे, शाळा, दवाखाने असावेत, असाही त्यांचा मानस होता. प्रत्यक्षात दुकाने आणि मोटारींचे विस्तीर्ण तळच तेवढे सर्वत्र उभे राहिले. आपल्या कल्पनेचे हे रूप पाहून ग्रुएन यांनी उत्तरायुष्यात जाहीर खंत व्यक्त केली.

मुंबईत आगमन

मुंबईत ही लाट पोहोचली ती १९९९ मध्ये. पिरामल समूहाने ताडदेव-हाजीअली परिसरात क्रॉसरोड्स हा मॉल सुरू केला, तेव्हा तो पाहण्यासाठीच इतकी झुंबड उडाली की आत जाण्यासाठी मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवावे, नाहीतर साठ रुपये भरावेत, अशी अट घालावी लागली. पुढे हा मॉल फ्यूचर समूहाकडे गेला आणि सोबो सेंट्रल या नावाने ओळखला जाऊ लागला.

त्याच सुमारास लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात दुसरा प्रयोग आकार घेत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव पूर्वपदावर आले नाही. एकेक गिरणी थंडावत गेली आणि कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे अधिकाधिक वळले. गिरण्यांच्या मोकळ्या जमिनींवर मॉल, कार्यालये व मनोरे उभे राहिले. फिनिक्सची जुनी चिमणी आजही त्या झगमगाटात उभी आहे. गिरणी गेली तिथे मॉल आला, माग भिवंडीत आले आणि कालांतराने त्या मॉलचा मालही भिवंडीतच साठू लागला.

२००४ मध्ये मालाडला के. रहेजा समूहाचा इनॉर्बिट सुरू झाला. मुलुंड, घाटकोपर, ठाणे येथेही मॉल उभे राहिले. भिवंडी-कल्याणच्या कुटुंबांना खरेदीसाठी दक्षिण मुंबई गाठण्याची गरज उरली नाही.

भाड्याचा मॉल, विक्रीचा मॉल

बाहेरून सारखे दिसणारे हे मॉल हिशेबाच्या दृष्टीने दोन वेगळ्या जातींचे आहेत. पहिल्या प्रकारात संपूर्ण इमारत एकाच मालकाकडे राहते. दुकाने भाडेपट्ट्याने दिली जातात. अनेकदा ठरावीक भाड्यासोबत विक्रीतील काही टक्केही मालकाला मिळतात. दुकानदाराची विक्री वाढली तर मालकाचेही उत्पन्न वाढते. गर्दी खेचणाऱ्या मोठ्या दुकानाला तो सवलतीत जागा देतो, कारण त्या गर्दीवरच लहान दुकानांचे पोट असते. कोणत्या मजल्यावर काय असावे, शेजारी कोण असावा, सरकता जिना बंद पडला तर कोणी पाहावे, या सर्वांना एक उत्तरदायी धनी असतो.

दुसऱ्या प्रकारात बांधकाम व्यावसायिक गाळे सुटे सुटे विकून मोकळा होतो. खरेदीदाराला स्वतःच्या नावाचा दस्त मिळतो, हे समाधान मोठे असते. मात्र पुढे हजार मालकांची हजार मते होतात. काही जण गाळा केवळ किंमत वाढावी म्हणून बंद ठेवतात, काही देखभालीचा खर्च थकवितात. दिवे बंद पडतात, ग्राहक पाठ फिरवितात आणि प्रामाणिकपणे दुकान चालविणाऱ्याचेही नुकसान होते.

भांडुपच्या ड्रीम्स मॉलचे उदाहरण येथे बोलके आहे. एचडीआयएल कंपनीने बांधलेल्या या मॉलमध्ये एक हजाराहून अधिक गाळे होते आणि ते वेगवेगळ्या मालकांना विकलेले होते. वाद वाढून अखेर राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती कारभार गेला. २५ मार्च २०२१ च्या रात्री मॉलला आग लागली. वरच्या मजल्यावर कोविड रुग्णांवर उपचार करणारे रुग्णालय होते. धूर तेथे पोहोचला आणि रुग्णांचे प्राण गेले. गुंतवणूक बुडाल्याचे दुःख त्या रात्रीपुढे क्षुल्लक ठरले.

भिवंडीचा हिशेब

भिवंडीचे भाग्य उजळले ते जकातीमुळे. मुंबईच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर महापालिका जकात घेई. व्यापाऱ्याने सगळा माल शहरात आणून ठेवला तर विक्रीपूर्वीच भांडवल अडके. त्यापेक्षा भिवंडीच्या ग्रामपंचायत हद्दीत तो ठेवावा आणि लागेल तेवढाच आत न्यावा, हे सोयीचे होते. जमीन स्वस्त, महामार्ग दाराशी आणि न्हावा-शेवा बंदरही फार दूर नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, जकात गेली आणि गोदामांचे मूळ कारणच संपले. तरी गोदामे ओस पडली नाहीत. प्रत्येक राज्यात कराच्या सोयीसाठी वेगळा साठा ठेवण्याची निकड कमी झाल्याने मोठ्या, एकत्रित गोदामांची मागणी वाढली. घरबसल्या खरेदीचा व्यवहार फोफावला आणि अॅमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या कंपन्या येथे आल्या. एकेकाळी मॉलला माल पुरविणारी भिवंडी आता मॉलला वळसा घालून थेट ग्राहकाच्या दारी पोहोचते.

तथापि भिवंडीनेही देखभालीकडील दुर्लक्षाची किंमत मोजली आहे. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा येथे खाली गोदाम आणि वर कुटुंबे राहत असलेली इमारत कोसळून आठ जणांचा मृत्यू झाला. मॉल असो वा गोदाम, भिंतीआड माणसे असतात.

व्यवहारापूर्वी

गाळा किंवा गोदाम घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाने दराइतकेच अन्य काही प्रश्न विचारणे हिताचे आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय? अग्निशमन यंत्रणा केवळ कागदावर आहे की चालू स्थितीत? देखभालीचा निधी कोणाकडे आणि त्याचा हिशेब दरवर्षी मांडला जातो काय? किती गाळे प्रत्यक्ष उघडे आहेत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दलालाकडे मागण्यापेक्षा एखाद्या मंगळवारी दुपारी स्वतः जाऊन मोजावे. रविवारची गर्दी सर्वत्रच असते. भाडे मात्र तीसही दिवसांचे भरावे लागते.